सेकंड लाईफमध्ये भूपाची पायवाट

सेकंड लाईफ या ऑनलाइन आभासी जगात पाऊल पडताच वाजणाऱ्या फरश्या करायच्या तर सूर आधी ठरवा, स्क्रिप्ट (फरशीला वागणूक देणारा छोटा प्रोग्रॅम) मागाहून. पाऊल पडल्याची खबर सर्व्हरवर जाते, तिथून प्रत्येकाच्या व्ह्यूअरकडे, म्हणजे हे जग दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, येते. आवाज जरा उशिराच पोचतो, आणि हा उशीर प्रत्येकाला वेगळा. ठेक्यावर बेतलेलं काहीही इथे विस्कटतं. भूप राग मात्र तग धरतो. सा रे ग प ध, मध्यम-निषाद वर्ज्य, त्यामुळे लगतच्या अर्ध्या स्वरांची टक्कर नाही. चौघं चार दिशांनी धावले तरी कानाला बोचत नाही.

षड्ज २६१.६ हर्ट्‌झ धरला तर रे २९४.३, ग ३२७, प ३९२.४, ध ४३६ आणि तार षड्ज ५२३.२. जलतरंगासारख्या चिनी मातीच्या वाट्या घ्या. पाणी वाढवलं की सूर उतरतो. एकच सूर रेकॉर्ड करून बाकीचे पिच बदलून काढू नका, वरचा षड्ज खेळण्यातला वाटतो. प्रत्येक सूर सुमारे ३ सेकंद, शेवट हळूहळू विरणारा. सुरुवातीची शांतता मात्र निर्दयपणे कापा, आधीच्या उशिरात तिची भर नको. मोनो वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. अपलोडला दर सुराचे १० लिंडेन डॉलर (तिथलं चलन), म्हणजे सहांचे ६०.

फरशी १.५ मीटर चौरस, ०.५ मीटर उंच, काचेसारखी अर्धपारदर्शक. दोन फरश्यांत अर्धा मीटर जागा. खाली चालायला वेगळी भक्कम जमीन हवी, कारण एलएलव्हॉल्युमडिटेक्ट हे स्क्रिप्टचं फंक्शन चालू केलं की फरशीतून आरपार जाता येतं आणि आत शिरताक्षणी स्क्रिप्टला कोलिजनस्टार्ट (स्पर्श सुरू झाल्याची खबर) मिळतो. फरश्या लिंक करू नका. हे फंक्शन मूळ प्रिमवर (जोडलेल्या ठोकळ्यांतल्या मुख्य ठोकळ्यावर) चालतं आणि अख्खा लिंकसेट, म्हणजे जोडलेला सगळा संच, आरपार होतो. सहा सूर वेगळे ओळखताच येत नाहीत.

वाजवायला एलएलट्रिगरसाऊंड वापरा. एलएलप्लेसाऊंडने त्याच फरशीवर दुसरं पाऊल पडलं की पहिला सूर मधेच तुटतो. आधी सूर, मग रंग: एलएलसेटप्रिमिटिव्हपॅरम्स स्क्रिप्टला ०.२ सेकंद झोपवतं, म्हणून त्याऐवजी ‘लिंक’ आणि ‘फास्ट’ असलेलं रूप घ्या. ग्लो (फरशीची चमक) ०.१५ ठेवा, ०.६ सेकंदांच्या टायमरने विझवा. काठावर रेंगाळणाऱ्यांमुळे सूर भराभर वाजतो. मागच्या वाजण्याला ०.३ सेकंद झाले नसतील तर दुर्लक्ष करा.

पहिलंच पाऊल मुकं जातं ही नेहमीची तक्रार. क्लिप तोवर पाहुण्याकडे उतरलेली नसते. क्लिप आधीच उतरवून ठेवणारं एलएलप्रीलोडसाऊंड हवंच, पण ते दर हाकेला १ सेकंद स्क्रिप्ट अडवतं आणि तेवढ्यात आलेली पावलं रांगेत थांबून उशिरा वाजतात. म्हणून ते वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, २० मीटरच्या आत आलेला पाहुणा टिपणाऱ्या सेन्सरवर ठेवा.

तरीही कुणाला आवाज बारीक आला तर स्क्रिप्ट उघडण्याआधी त्याचा कॅमेरा कुठे आहे ते विचारा. व्ह्यूअरमध्ये ‘आवाज कॅमेऱ्यापासून ऐका’ निवडलेलं असतं आणि तो वरून, लांबून बघत असतो. शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर जमिनीच्या साऊंड टॅबमध्ये आवाज त्याच पार्सलपुरता (जमिनीच्या तुकड्यापुरता) बांधून टाका.