नवीन अलॉय घेताय? आधी हवेच्या सेन्सरचं बघा

माझ्या गाडीला नवीन अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, बसले. बॅलन्सिंग झालं, नट आवळले. गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर नालासारखं ते पिवळं चिन्ह मिनिटभर लुकलुकलं आणि मग लागूनच राहिलं. गेज लावून पाहिलं तर चारही चाकांत हवा बरोबर होती. टायर बसवणाऱ्याने टायरमधली हवा मोजून गाडीला कळवणारे सेन्सर जुन्या रिममध्येच ठेवून नव्या रिमला साधे रबरी व्हॉल्व्ह लावले होते. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. चारही टायर परत उतरवावे लागले आणि त्या खेपेत एका सेन्सरची दांडी (त्याला जोडलेला व्हॉल्व्ह) टायर उतरवायच्या मशीनच्या फाळाखाली येऊन मोडली.

तेव्हापासून कोणी अलॉय घ्यायला निघालं की मी एकच गोष्ट बजावतो. सेन्सरबद्दलचे सगळे निर्णय टायर रिमवर चढायच्या आत घ्या. टायर चढला की प्रत्येक चूक दुरुस्त करायला तो पुन्हा उतरवावा लागतो.

पहिली खात्री करायची ती म्हणजे तुमच्या गाडीच्या चाकांत सेन्सर आहेत की नाहीत. स्क्रीनवर प्रत्येक चाकाची हवा वेगवेगळ्या आकड्यांत दिसत असेल, तर आहेत. व्हॉल्व्ह धातूचा आणि बुडाशी नट, तरी बहुधा आहेत. रबरी व्हॉल्व्ह दिसला म्हणून मात्र नाहीत असं समजू नका, कारण रबरी दांडीचे सेन्सरही असतात आणि बाहेरून ते साध्या व्हॉल्व्हसारखेच दिसतात. काही गाड्यांत चाकात काहीच नसतं. एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा फिरण्याचा वेग मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे घेतं, त्यावरून गाडी ओळखते. तुमची गाडी अशी असेल तर काम सोपं आहे. चारही टायर एका मापाचे घ्या, थंड टायरमध्ये हवा बरोबर भरा आणि गाडीतली हवेच्या इशाऱ्याची यंत्रणा रिसेट करा. हवा न तपासता रिसेट केलं, तर गाडी ती चुकीची हवाच बरोबर धरून चालेल.

चाकात सेन्सर असतील तर पुढे वाचा.

रिम विकत घेण्याआधी व्हॉल्व्हचं भोक मोजा. सेन्सरला साधारण ११.३ ते ११.५ मिमीचं भोक लागतं. काही रिमना ८.३ मिमीचं असतं, त्यात सेन्सर जात नाही. ते ड्रिल मारून मोठं करायच्या भानगडीत पडू नका, दुसरी रिम बघा. मग टायरशिवाय नुसत्या रिममध्ये सेन्सर बसवून पाहा. त्याचा डबा रिमच्या खोलगट भागात निवांत बसला पाहिजे. रिमला अडून दांडीवर ताण येत असेल किंवा डबा टायरची कड बसते त्या पातळीच्या वर डोकावत असेल, तर टायर चढताना तो फुटणारच. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही.

आता जुने सेन्सर काढून लावायचे की नवे घ्यायचे? आतली बॅटरी सीलबंद असते आणि सहसा पाच ते दहा वर्षं टिकते. ती संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो. गाडी सहा-सात वर्षांची असेल तर मी जुने सेन्सर नव्या रिममध्ये घालणार नाही. आज चालतील, पण वर्षभरात एक गेला तर त्या एकासाठी टायर उतरवावा लागेल. गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर जुने खुशाल वापरा. मात्र बुडाचं रबरी सील, नट, व्हॉल्व्हच्या आतली हवा अडवणारी पिन आणि टोपण नवीन घ्या. दबलेलं सील पुन्हा नीट बसत नाही. ॲल्युमिनियमच्या दांडीत पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साधी पितळी पिन घातली की ओल्याने दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन आतच जाम होते. धातूच्या शोभेच्या टोपणांचंही तेच होतं. ती ओढाताण करून काढताना दांडी तुटते. प्लास्टिकचं टोपण उत्तम.

नवे घेताना फ्रिक्वेन्सी बघा. काही गाड्या ३१५ मेगाहर्ट्‌झवर ऐकतात, काही ४३३ वर. दिसायला सारखा आणि भोकात चपखल बसणारा सेन्सरही चुकीच्या फ्रिक्वेन्सीचा असेल तर गाडीच्या लेखी तो नाहीच.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा आयडी असतो आणि गाडी फक्त नोंदलेल्या आयडींचंच ऐकते. म्हणून मला प्रोग्रॅम होणारे सेन्सर आवडतात. हातातल्या उपकरणाने जुन्या सेन्सरचा आयडी वाचून तो नव्यात उतरवता येतो, मग गाडीला बदल कळतही नाही. दोन जोड चाकं आलटून पालटून वापरणाऱ्यांसाठी यासारखी सोय नाही. कॉपी करायची नसेल तर नवे आयडी नोंदवावे लागतात. काही गाड्या थोडा वेळ चालवल्या की आपोआप शिकतात, काहींना ठराविक क्रमाने प्रत्येक चाकापाशी उपकरण धरावं लागतं, काहींना ओबीडीतून (गाडी तपासायचं उपकरण जोडतात त्या सॉकेटमधून) आयडी भरावे लागतात. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवा. नोंदणीच्या वेळी जुनी चाकं डिकीत किंवा शेजारी ठेवू नका, गाडी त्यांचे सिग्नल पकडू शकते.

टायर चढवताना तिथे उभे राहा आणि ‘आत सेन्सर आहे’ असं मोठ्याने सांगा. मी तर व्हॉल्व्हजवळ चिकटपट्टीही लावतो. कड सोडवणारा फाळ व्हॉल्व्हपासून लांब लागला पाहिजे. सेन्सरचा नट बऱ्याचदा ४ ते ८ न्यूटन-मीटरच मागतो, नेमका आकडा सेन्सरच्या कागदावर असतो. नेहमीच्या पान्याने ताकद लावली की सील चिरडतं. हवा भरल्यावर व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा आणि बॅलन्सिंग सेन्सर बसल्यानंतरच करून घ्या.

गाडी बाहेर काढल्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या तर लगेच घाबरू नका. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, चाकं फिरली की जागे होतात. मात्र दिवा सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग लागून राहत असेल, तर तो हवेचा इशारा नाही. गाडीला एखादा सेन्सर ऐकू येत नाहीये. हवा कमी असेल तर दिवा न लुकलुकता लागतो.

पण त्या दिव्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेच्या नियमात इशाऱ्याची मर्यादा ठरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. म्हणजे ३३ पीएसआय हवं असताना हवा २५ च्या खाली येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो, आणि तोवर टायरच्या कडा झिजायला लागलेल्या असतात. टायरचं माप बदललं असेल तर दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडाही आंधळेपणाने धरू नका. नव्या टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि हवा किती ठेवायची ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चांगल्या गेजने चारही चाकं मोजा आणि नंतर स्क्रीनवरच्या आकड्यांशी ताडून बघा. एखाद-दुसऱ्या पीएसआयचा फरक चालतो. मग एका चाकातली हवा मुद्दाम तीन-चार पीएसआयने कमी करून थोडं चालवा आणि स्क्रीनवर तेच चाक उतरलेलं दिसतंय का पाहा. पुढचं डावं उतरवलं आणि मागचं उजवं दाखवलं, तर आयडींच्या जागा चुकल्या आहेत. त्या नीट नोंदवून घ्या, काढलेली हवा परत भरा आणि चारही आयडी चाकाच्या जागेसकट मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.