भाच्याला परदेशी पैसे पाठवायचेत? बँकेत जायच्या आधी

पहिल्यांदा नातं बघून घ्या. आपल्या कोल्हापुरात सगळेच भाऊ, पण आयकराच्या लेखी चुलत, मामे, मावस, आते ही भावंडं नातेवाईकच नाहीत. शिवाय नातं मोजतात ते पैसे घेणाऱ्याच्या बाजूनं. मामानं भाच्याला दिलेले पैसे करमुक्त, कारण मामा त्याच्या आईचा भाऊ. उलट भाच्यानं मामाला वर्षात पन्नास हजारांवर दिले, तर ते मामाचं उत्पन्न ठरतं. आणि जुलै २०१९ पासून मामा परदेशात राहत असला तरी सुटका नाही.

ए-२ फॉर्म, म्हणजे परदेशात पैसे पाठवायचा बँकेतला अर्ज, भरताना पाठवण्याचं कारण विचारतात. मी भाच्यासाठी बेधडक ‘जवळच्या नातेवाइकाची देखभाल’ लिहिलं आणि राजारामपुरीतल्या बँकेतून फॉर्म परत घेऊन आलो. परकीय चलनाच्या नियमांत नातेवाईक कंपनी कायद्याच्या व्याख्येनं ठरतो. त्यात आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आहेत, भाचा नाही. मग ‘भेट’ असं लिहिलं आणि काम झालं. म्हणजे एकाच पोराला एक कायदा नातेवाईक मानतो, दुसरा नाही!

आता पैशाचं. एका माणसाला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपल्याला ती मर्यादा कुठली लागते? लागते ती दहा लाखांची. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक वरून घेते तो आगाऊ कर) नाही, त्यापुढच्या रकमेवर देखभाल किंवा भेटीसाठी २० टक्के. शिक्षण आणि उपचारांना दर पुष्कळ कमी आहे. पोरगा शिकत असेल तर कॉलेजचं फीचं पत्र काढून ठेवा. हिशेब सगळ्या बँकांचा मिळून धरतात, त्यामुळं बँक बदलून उपयोग नाही. चौदा लाख पाठवायचे तर वरच्या चार लाखांवर ऐंशी हजार बसतात. खात्यात चौदा लाख ऐंशी हजार हवेत. घाई नसेल तर दहा लाख मार्चमध्ये आणि चार एप्रिलमध्ये पाठवा.

ऐंशी हजार बुडत नाहीत. रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत मिळतात, आणि पगारदाराला ऑक्टोबर २०२४ पासून ते पगारातून कापल्या जाणाऱ्या करात, म्हणजे टीडीएसमध्येही धरून घेता येतात. पाठवलेल्या रकमेवर तुम्हाला कसलीही वजावट मात्र नाही, भाचा तिकडं उपाशी असला तरी.

ऊसबिलाचे पैसे असतील तर कारखान्याची पावती आणि पासबुकाची पानं जोडून ठेवा. पैसे आले कुठून हे विचारलं तर तोंडी सांगून भागत नाही. भाचा अमेरिकेत असेल आणि वर्षाला एक लाख डॉलरच्या वर गेलात, तर त्याला तिथल्या कर खात्याला ३५२० नंबरचा फॉर्म द्यावा लागतो. कर नाही, नुसती माहिती. टीसीएसचं प्रमाणपत्र बँकेकडून मागून घ्या आणि आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर रक्कम दिसते का ते रिटर्न भरायच्या आधी बघा.