गॉगल घेताय? आधी काचा बघा, फ्रेमचं नंतर

ऊन तापायला लागलं की कोणी ना कोणी विचारतंच, गॉगल कुठला घेऊ, आणि प्रश्न कायम फ्रेमचा असतो, एव्हिएटर घेऊ का चौकोनी. ते आरसा सांगेल हो. आधी काचेचं बोलू.

काच काळीकुट्ट म्हणजे डोळे सेफ असं अजिबात नाही. काचेमागे अंधार झाला की बाहुली मोठी होते, आणि काच नुसती रंगवलेली असेल, यूव्ही (उन्हातले न दिसणारे, डोळ्याला त्रासदायक किरण) अडवत नसेल, तर डोळ्याला गार वाटतं पण आत यूव्ही उलट जास्त जाऊ शकतं. त्यापेक्षा बिनगॉगलचं डोळे बारीक करून फिरलेलं बरं. म्हणून यूव्ही ४०० बघायचं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. आता स्टिकर काय कोणीही चिकटवतं, तर बऱ्याच चष्मेवाल्यांकडे यूव्ही मोजायचं छोटं मशीन असतं, त्यात काच धरून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. घरी करायचं तर नोटा तपासायची यूव्ही टॉर्च घ्या, नोटेवरचे नंबर चमकतात ना, मधे काच धरली की ती चमक गेली पाहिजे. टॉर्च स्वस्तातली असेल तर ही टेस्ट अंदाजापुरतीच, मशीनच खरं.

पोलराइज्ड वेगळं, यूव्ही वेगळं, दुकानात हे दोन्ही सर्रास एकत्र करून सांगतात. पोलराइज्ड काच ओला रस्ता, पाणी, पुढच्या गाडीचं बॉनेट यांच्यावरून डोळ्यावर येणारी चकाकी अडवते. हायवेला किंवा कोकणात समुद्रावर जाणार असाल तर पैसे वसूल. दुकानातल्या बिलिंगच्या एलसीडी स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू आडवा-उभा फिरवा, एका अँगलला स्क्रीन काळी पडली तर माल खरा. पण याच कारणाने गाडीचा डिजिटल मीटर किंवा मोबाईलवरचा मॅप कधीकधी दिसेनासा होतो, मी एकदा फाट्यावर उभा राहून मोबाईल बंद पडला म्हणून बटणं दाबत बसलो होतो.

रंगात फार अडकू नका. ग्रेमधून रंग आहेत तसे दिसतात, ब्राऊनमधून खड्डे जरा उठून दिसतात (आपल्याकडे हे महत्त्वाचं). काच किती गडद ते कॅटेगरी नंबरावरून कळतं, कॅटेगरी ३ रोजच्या उन्हाला पुरते, ती ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. ४ नंबरची त्याहून गडद, ती ड्रायव्हिंगला चालत नाही. उन्हात काळे होणारे फोटोक्रोमिक बाहेर चालायला मस्त पण कारमध्ये फुसके, कारण ते काळे होतात यूव्हीमुळे आणि यूव्ही गाडीची पुढची काच आधीच अडवते.

टू-व्हीलरवाल्यांनी पॉलीकार्बोनेटच (मजबूत प्लास्टिकची काच) घ्या, खडा लागला तरी सहसा फुटत नाही आणि यूव्ही मुळातच अडवतं, फक्त चरे पटकन पडतात. सीआर-३९ या दुसऱ्या प्लास्टिकमधून जास्त स्वच्छ दिसतं पण मार तेवढा सोसत नाही. खऱ्या काचेचा गॉगल जड, बाईकवर नकोच.

आता फ्रेम. टीआर-९० ही लवचिक प्लास्टिकची फ्रेम हलकी, वाकवली तरी परत सरळ होते, घाम येणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावी. अॅसिटेट हे जाडसर प्लास्टिक दिसायला भारी, चष्मेवाला गरम करून कानामागे बरोबर बसवून देतो, पण त्याच गुणापायी माझी एक फ्रेम मे महिन्यात डॅशबोर्डवर राहून वाकडी झाली. मेटल उन्हात चटका देते, निकेल असेल तर काहींना नाकावर पुरळ येतं, टायटॅनियमला तो त्रास नाही पण खिशाला आहे.

घेताना हेल्मेट घेऊन जा. गॉगल घालून हेल्मेट चढवा, पाच मिनिटं तसंच उभे राहा, जाड काड्या असतील तर कानाच्या वर लगेच कळ येते, मग सरळ आणि बारीक काडीचा मागा. दुकानदार हसला तर हसू दे.