किटच्या स्पीकरमधला हरवलेला खर्ज

किटमधून जोडलेल्या टू-वे स्पीकरची (खर्जासाठी वूफर, वरच्या सुरांसाठी ट्वीटर) जोडी वाजायला लागली, पण खर्ज फारच पातळ, आणि गायकाचा आवाज मध्यभागी न येता खोलीभर पसरलेला. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की आधी पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणी उलटी तर नाही ना, ती तपासावी.

त्यासाठी १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. ॲम्प्लिफायरच्या वायरी काढून सेलचं धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवलं. एका वूफरचा कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला! त्या दुसऱ्या वूफरवर लाल खूणच चुकीच्या टर्मिनलवर छापलेली होती. त्याच्या वायरींची अदलाबदल केली. ट्वीटरला मात्र हात लावला नाही. खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर; तो १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह उताराचा असेल तर ट्वीटर बहुधा मुद्दाम उलटा जोडतात, आणि किटच्या आकृतीतही तसंच होतं. हे ठाऊक नसलं तर सरळ करण्याच्या नादात चांगला स्पीकर बिघडतो.

खर्ज भरला, तरी एक पेटी फसफसत होती. पेट्या सीलबंद आहेत, म्हणून कोन बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबून सोडला. तो सावकाश परतायला हवा, झटकन आला. म्हणजे हवा गळतेय. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी लावली, पेटीच्या १८ मिमी एमडीएफ फळ्यांच्या आतल्या सांध्यांवर फेव्हिकॉलची रेघ ओढली आणि रात्रभर सुकू दिलं.

आता डग्ग्याचा घुमारा स्वच्छ, गोल येतो. मला तेवढंच हवं होतं.