ऑफिसचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? आधी ड्रायव्हरवरचा हात काढा

इंदूरच्या सियागंजात आणि आजूबाजूला पाच-सहा लहान ऑफिसांचे संगणक मी सांभाळतो. फोन ठरलेला असतो: “भिया, प्रिंटर ऑफलाइन झालाय, गाडी बाहेर उभी आहे.” गाडी म्हणजे ट्रक, आणि तो उभा आहे म्हणजे ई-वे बिलाचा, मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद अडलाय. मी पोहोचेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रिंटर काढून पुन्हा टाकलेला असतो. यादीत एकाच प्रिंटरची तीन नावं झालेली असतात, मूळ, ‘कॉपी १’ आणि ‘कॉपी २’. तिन्ही फिकट. जखम मांडीला, मलम शेंडीला.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाला त्या प्रिंटरची भाषा येते ती ज्याच्यामुळे तो प्रोग्राम. काल संध्याकाळपर्यंत बिलं छापत होता ना? मग रातोरात भाषा विसरला नाही. राउटरला केबलने किंवा वायफायने जोडलेला प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो तो बहुतेक वेळा पत्ता बदलल्यामुळे. संगणक जुन्या दारावर थापा मारत बसतो आणि प्रिंटर शेजारच्या खोलीत निवांत असतो. पुढचं सगळं अशा नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठी आहे.

(यूएसबीचा प्रिंटर दुसऱ्याच्या संगणकातून शेअर करून वापरत असाल तर तुमचं दुखणं वेगळं. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर तिथे ०x०००००११बी ही चूक दिसू लागली, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, एक आकडा शून्य करा असा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने छपाई सुरू होते, पण स्पूलरमधलं, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्राममधलं, सुरक्षेचं भोक बुजवायला आणलेली तपासणीही बंद पडते. मी ते करत नाही. जमत असेल तर प्रिंटरला सरळ नेटवर्कची केबल लावतो.)

कागद, केबल आणि लाल दिवा तुम्ही पाहिलेच असतील. रांगेत अडकलेली कामं साफ करा. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली उडवा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. विंडोज १० असेल तर रांगेच्या खिडकीतल्या ‘प्रिंटर’ मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून टिक पडली आहे का तेही बघा. दोन मिनिटांचं काम.

आता प्रिंटरवरूनच त्याचं कॉन्फिगरेशन पान छापा. ऑफिसच्या बहुतेक प्रिंटरांच्या मेनूत ते कुठेतरी सापडतं. त्यावर दोन गोष्टींभोवती पेनाने गोल करा: आयपी पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१५ अशा धर्तीचा आकडा, आणि मॅक पत्ता, म्हणजे आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या. केबलचा मॅक वेगळा असतो आणि वायफायचा वेगळा. ज्या वाटेने प्रिंटर जोडलाय तिचाच घ्या, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. लाइट जाऊन आल्यावर प्रिंटर राउटरच्या आधी जागा झाला की असं होतं. राउटर पूर्ण चालू होऊ द्या, मग प्रिंटर बंद करून चालू करा. आणि यावर उपाय म्हणून लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. त्याचा फ्यूजर, म्हणजे छापलेलं कागदावर पक्कं करणारा गरम भाग, तापताना इतका करंट ओढतो की यूपीएस ओरडायला लागतो. यूपीएसवर राउटर आणि स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा) ठेवा.

पान हातात आलं की संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या आयपीला पिंग करा, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी हाक मारा. इथे एक फसगत आहे. पिंगच्या उत्तरात ‘रिप्लाय फ्रॉम’ वाचून लोक खूश होतात, पण त्याच ओळीत पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ लिहिलेलं असतं आणि पत्ता असतो आपल्याच संगणकाचा. खाली ‘लॉस शून्य टक्के’ असंही येतं. म्हणजे आपणच विचारलं आणि आपणच “कोणी नाही” असं उत्तर दिलं. पूर्ण ओळ वाचत जा.

आता खरी कटकटीची पायरी: पत्ता कायमचा पक्का करणं. इथे मी स्वतः आठवडाभर नाक घासलंय.

राउटर पत्ते उसने देतो, बऱ्याच राउटरांत २४ तासांच्या बोलीवर. पावसाळ्यात लाइट दोनदा डोळा मारून गेली की स्वस्त राउटर कुणाला काय दिलं होतं ते विसरतो आणि नव्याने वाटप करतो. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा: प्रिंटरच्या पॅनलवर जा, ‘मॅन्युअल’ करा, आकडा टाका, झालं. सुरुवातीला एका ऑफिसात मीही तेच केलं आणि १९२.१६८.१.१५ टाकून दिला. आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. मग रोज अकराच्या सुमारास छपाई बंद पडायला लागली आणि दीड वाजता आपोआप सुरू व्हायला लागली. मी केबल बदलली. सिल्व्हर मॉलमधून नवा स्विच आणला. ड्रायव्हरसुद्धा पुन्हा टाकला, लाज वाटते पण टाकला. हिशेबाचे काका मला रोज विचारायचे, “काय रे, आज मुहूर्त किती वाजेपर्यंतचा?”

सापडलं ते अपघातानेच. अडकलेला कागद काढायला प्रिंटरचं बटण बंद केलं होतं आणि पलीकडे संगणकावर पिंग चालूच राहिलं होतं. बंद प्रिंटर पिंगला उत्तर देत होता! त्या पत्त्यावर दुसरंच कोणी बसलं होतं. कुठल्या आयपीवर कोणता मॅक बसलाय ते दाखवणारी ‘एआरपी -ए’ ही कमांड चालवली तर त्या आयपीसमोर प्रिंटरच्या पानावरचा मॅक नव्हताच. रोज अकराला एक दलाल यायचे, त्यांचा मोबाइल ऑफिसच्या वायफायला लागायचा, आणि राउटर त्याला नेमका १५ नंबर द्यायचा. राउटरची चूक नव्हती. मी आकडा प्रिंटरवर टाकला होता, राउटरला कुठे सांगितलं होतं? त्याच्या वहीत ती जागा रिकामीच होती. दलाल जेवायला गेले की पत्ता मोकळा.

तेव्हापासून ही परीक्षा मी सगळ्यात आधी घेतो: प्रिंटर बंद करा आणि त्याच्या आयपीला पिंग करा. खरं उत्तर आलं तर भांडण पत्त्याचं आहे, पुढे काही शोधू नका.

म्हणून माझं ठाम मत आहे की पत्ता प्रिंटरवर टाकू नये, राउटरमध्ये राखून ठेवावा. प्रिंटर ‘ऑटो’ किंवा ‘डीएचसीपी’वरच, म्हणजे राउटरकडून पत्ता घेण्यावरच, राहू द्या. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत जा. ‘आयपीकॉन्फिग’ कमांडमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो तोच तो. डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची जागा असते. तिथे प्रिंटरचा मॅक भरा, समोर हवा तो आयपी भरा, सेव्ह करा आणि प्रिंटर बंद-चालू करा. यापुढे राउटर तो आकडा त्या मॅकशिवाय कुणालाही देणार नाही. मॅकमधला शून्य आणि इंग्रजी बी-आठ नीट बघून लिहा. मी एकदा बीच्या जागी आठ लिहून अर्धा तास राउटरला शिव्या दिल्यात.

दुसरा फायदा राउटर बदलला की कळतो. नव्या राउटरची मालिका वेगळी असू शकते, १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.०. हाताने आकडा टाकलेला प्रिंटर जुन्याच मालिकेत अडकून पडतो आणि कुणालाच दिसत नाही. ऑटोवरचा प्रिंटर निदान नवा पत्ता तरी घेतो. मग नव्या राउटरमध्ये नोंद पुन्हा करायची, एवढंच.

काही राउटरांत रिझर्व्हेशनची सोयच नसते. मग आधी वाटपाची हद्द आवळा, समजा १०० ते २०० एवढीच ठेवा, आणि प्रिंटरला हद्दीबाहेरचा ५० हाताने द्या. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे राउटरचाच. हद्द न आवळता हाताने आकडा देणं म्हणजे माझा तो आठवडा तुम्ही विकत घेणं.

पत्ता पक्का झाला, आता संगणकाला सांगायचं. विंडोजने स्वतः शोधून प्रिंटर जोडला असेल तर बरेचदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट लावलेला असतो. तो पत्ता लक्षात ठेवण्याऐवजी हाका मारून प्रिंटर शोधतो, आणि हाकेला ओ आली नाही की ‘ऑफलाइन’. तो सोडा. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा (नुसतं ‘प्रॉपर्टीज’ किंवा ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे), ‘पोर्ट्स’मध्ये ‘ॲड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा आणि राखीव आयपी भरा. प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. उपकरणाचा प्रकार विचारला तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’. ड्रायव्हर होता तोच राहतो. ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ आता उडवा.

पिंग लागतंय आणि तरी फिकटच आहे? मग त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची टिक काढा. विंडोज त्या वाटेने प्रिंटरची खबर विचारतं. प्रिंटरला ती भाषा नीट येत नसेल किंवा तिथे ती बंद ठेवलेली असेल, तर तो छापायला तयार असूनही विंडोज त्याला गैरहजर लावतं. टिक काढल्यावर कागद संपल्याची सूचना संगणकावर येणार नाही कदाचित. तेवढं उठून बघता येतं.

‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, नाहीतर शेवटी जिथे पीडीएफ केली तोच डिफॉल्ट होऊन बसतो. बाकीच्या संगणकांवर पोर्टचं काम तसंच करा. हे सगळं २० तारखेला करायला घेऊ नका. त्या दिवशी जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायचं असतं आणि कुणी तुम्हाला खुर्चीवर बसू देणार नाही.

शेवटी राखीव आयपी, मॅक आणि तारीख चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या मागच्या बाजूला चिकटवा. पुढे लावू नका. मी पुढे लावली होती. दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा झाली आणि माझ्या शेवटच्या दोन आकड्यांवर कुंकवाचं स्वस्तिक आलं.