स्कीचा लाकडी गाभा टवके न उडवता टोकांकडे निमुळता कसा करावा

कोल्हापुरात बर्फ नाही. पण गुलमर्ग किंवा औलीला स्वतःच्या हातच्या स्कीवर उतरायचं असेल, तर तिचा गाभा, म्हणजे आतला लाकडी थर, इथं घरी घडवता येतो. बूट बसतो तिथं तो साधारण ११-१२ मिमी जाड असतो आणि दोन्ही टोकांकडे उतरत २ मिमीवर येतो. लाकूड उपटतं ते बहुतेक या उतारावरच.

लाकूड पोपलरसारखं हलकं, सरळ रेषेचं (म्हणजे तंतू सरळ धावणारं) आणि बिनगाठीचं घ्या. वखारीत साग हाताशी असतो, पण तो जड, शिवाय त्यातल्या तेलामुळे इपॉक्सी (स्कीचे थर जोडणारा गोंद) नीट धरत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून हे काम दिवाळीनंतरच काढावं.

गाभा लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून बनतो. त्या चिकटवण्याआधी प्रत्येकीच्या कडेची रेष बघा. तळाला समांतर असेल तीच ठेवा. तिरकी रेष एका टोकाला सुलट पडली, तर दुसऱ्या टोकाला हमखास उलट पडते, कारण उतार दोन्हीकडे आहे.

चिकटवलेल्या गाभ्याचा तळ सपाट करा आणि तो जाड एमडीएफवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं पूर्ण लांबीभर बसवा. बारीक टोक अधांतरी राहिलं तर ते पात्याखाली थरथरतं, मग धार कितीही असो, टवका उडतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रंधा मध्यापासून टोकाकडे चालवा, जाडीकडून बारीकीकडे. असं जाताना कापल्या जाणाऱ्या तंतूखाली लाकडाचा आधार असतो. टोकाकडून मध्याकडे आलात, की पातं तंतूंच्या मध्ये घुसून त्यांना उचकटतं. उतरत्या साच्यावर ठेवून प्लेनर मशीनमधून काढलेला गाभा एका अर्ध्यात नेहमी उलटाच जातो. त्यामुळे मशीनवर एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घेऊ नका आणि शेवटचा १ मिमी हातरंध्यासाठी राखा. खाली फळी नसेल तर बारीक लाकूड मशीनमध्ये घालूच नका, तुकडे उडतात.

हातरंध्याचं तोंड अरुंद ठेवा. पात्याच्या पाठीवरची पट्टी धारेच्या अगदी जवळ आणा. धार ताजी हवी. कोल्हापूरचं उद्यमनगर, कारखान्यांची वसाहत, जवळ असताना बोथट पात्यानं काम करण्यात अर्थ नाही. आरपार उजेड दिसेल इतकी पातळ ढलपी निघाली, की रंधा बरोबर बसला समजा.

एखादी जागा हट्टीच असेल तर ओल्या फडक्यानं किंचित दमट करून स्क्रेपरनं (लाकूड खरवडायच्या पोलादी पत्र्यानं) घासा. टोकाची जाडी व्हर्नियरनं मोजत राहा. शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा आणि तिथंच थांबा. इपॉक्सीला धरायला थोडी खरखर लागते.