इंकटोबर : पहिल्यांदा भाग घेताना

इंकटोबर २००९ साली जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने स्वतःचा शाईवरचा हात सुधारावा म्हणून सुरू केला. ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज शाईचं एक चित्र. २०१६पासून रोजच्या शब्दाची यादीही निघते. ती पाळायलाच हवी असं नाही. खाली पेन्सिलीचं कच्चं रेखाटन केलेलं चालतं.

नवखे अडतात ते आकारावर. ए-फोर कागद भरायला दोन-तीन तास सहज जातात आणि चौथ्या दिवशी वही मिटते. ए-सिक्स घ्या, १०५ × १४८ मिमी, म्हणजे ए-फोरचा बरोबर चौथा हिस्सा. पाऊण तासात चित्र होतं.

कागद निदान १५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडीचं माप) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, हवा. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, मागेही उतरते. पाणी लावून छटा देणार असाल तर ३०० जीएसएम. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतरही कागद ओल धरून असतो, त्यावर रेघ केसाळ होते; वही प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

पेनवरचा ०१ हा आकडा ०.१ मिमी नव्हे. पिग्मा मायक्रॉन या बारीक टोकाच्या ड्रॉइंग पेनचा ०१ साधारण ०.२५ मिमीची रेघ देतो, ०५ साधारण ०.४५ची. हे दोन आणि काळे भाग भरायला एक ब्रश पेन, एवढ्यावर महिना निघतो. टाक वापरायचा तर नव्या निबवरचं तेल साबणाने धुवा, नाहीतर शाई निबवर पसरतच नाही, थेंब होऊन गळते. दौतीत निब मधल्या छिद्रापर्यंतच बुडवा. रेघ स्वतःकडे ओढा. वर ढकलली की टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. त्यातली लाख वाळून पेन कायमचं तुंबतं.

आता खरं काम. शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांपासून आपल्या हाताला खोडरबराची सवय असते. शाईत ती सोय नाही, म्हणून काळं कुठे येणार हे आधी ठरलेलं हवं. तीन-चार सेंटिमीटरच्या चौकटीत चित्र फक्त तीन छटांत मांडा: कोरा कागद, रेघांची करडी जाळी, भरीव काळा. अशा तीन चौकटींना दहा मिनिटं पुरतात. हे टाळलं की सगळीकडे सारख्याच रेघा पडत जातात आणि चित्र राखाडी होतं. मांजर कुठलं, मागची भिंत कुठली, कळत नाही. भरीव काळा लवकर भरला, की बाकी रेघा किती लागतील ते समोरच दिसतं. बहुतेकदा ठरवलेल्यापेक्षा कमीच लागतात.

पेन्सिल एचबी, हलक्या हाताने. टू-एचने कागदाला चर पडते. खोडण्याआधी पंधरा मिनिटं थांबा, भरीव भागांसाठी अर्धा तास. घाई केली की काळा फिका पडतो.

दसरा बहुतेकदा आणि बऱ्याचदा दिवाळीही याच महिन्यात येते. चुकलेला दिवस भरून काढायला एका दिवशी दोन चित्रं करू नका, दोन्ही बिघडतात. पार्कर यांनीच दिवसाआड किंवा आठवड्याला एक, असे पर्याय दिलेत. नोकरी सांभाळणाऱ्यांनी दिवसाआडचाच घ्यावा.